बुधवारची बाटली

तारीख ९ फेब्रुवारी, रविवार. जमा रक्कम सव्वीस हजार रुपये. पासष्ट घरांनी प्रत्येकी चारशे दिलेले. हजर माणसं चार: तळं समितीचा निमंत्रक सौरभ, चिटणीस रेवती, खजिनदार म्हणून मी, आणि डॉ. शालिनी हुक्केरीकर, ज्यांना तोपर्यंत आमच्यापैकी एकट्या रेवतीनं पाहिलं होतं.

बैठक आमच्या वसाहतीच्या क्लब हाऊसमध्ये होती. वसाहत बेंगळुरूला, इलेक्ट्रॉनिक सिटीच्या अलीकडे, होसूर रस्त्यापासून थोडी आत. मागच्या भिंतीपलीकडे तळं आहे. फ्लॅट विकताना बिल्डरनं तळं दिसतं म्हणून चौरस फुटामागे जादा पैसे लावले होते आणि आम्ही ते दिले होते. पुढे त्या तळ्याच्या एका कोपऱ्यात फेस धरू लागला. वारा सुटला की तो उडून रस्त्यावर आणि आमच्या बाल्कन्यांत यायचा. सौरभच्या मुलीच्या हातांवर चट्टे उठायचे ते त्या फेसानंच, असं त्याचं ठाम मत होतं. तळ्याच्या पलीकडच्या अंगाला पत्र्याच्या शेडची एक गल्ली आहे, तिथे लोखंडी वस्तूंवर निकेलचा मुलामा देतात. त्या शेड बंद कराव्यात असा अर्ज सौरभनं सरकारकडे केला होता. सुनावणी मार्चअखेरीस होती. अर्जाला पुरावा लागणार होता आणि पुराव्याला शास्त्रज्ञ, म्हणून रेवतीनं बाईंना बोलावलं होतं.

बाई मूळच्या निपाणीकडच्या. एका संशोधन संस्थेत त्यांनी सगळी नोकरी पाण्याच्या तपासणीत काढली होती आणि निवृत्त होऊन बसवनगुडीत वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत एकट्या राहत होत्या. कापलेले पांढरे केस, सुती साडी, तिच्याखाली पळायचे बूट, आणि हातात बर्फ ठेवायची निळी पेटी. दोन बस बदलून आल्या होत्या.

सौरभ पुण्याचा, कामाला झटणारा मुलगा. त्यानं सुरुवातीलाच सुचवलं, की तुमच्या जुन्या संस्थेतला एखादा विद्यार्थी हे पाणी तसंच तपासून देईल, म्हणजे हे पैसे बॅनर आणि व्हिडिओला वापरता येतील. बाईंनी चहाचा कप खाली ठेवला.

"देईल की. आज फोन केला तर उद्या देईल. आणि सुनावणीत समोरच्यानं विचारलं, की बाई, तपासणारा तुमचा कोण, तर काय सांगू? माझा पोरगा म्हणून सांगू?"

मग त्यांनी रीत घालून दिली. मान्यता असलेली प्रयोगशाळा, सगळ्यांना असतो तोच दर, पावती समितीच्या नावावर. दर बाटलीमागे दोन हजार सहाशे. माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "किती बाटल्या होतात, खजिनदार?"

दहा, मी म्हणालो.

"दहाच? मग जपून भरा."

त्या दिवसापासून मी त्यांच्या तोंडी खजिनदारच राहिलो. माझं नाव त्यांना माहीत होतं की नाही हे मला अखेरपर्यंत कळलं नाही. रेवती त्यांना अक्का म्हणायची, म्हणून आम्हीही म्हणू लागलो.

अक्कांकडून पहिल्याच दिवशी जे शिकलो ते म्हणजे बाटली भरणं. आम्हाला वाटलं होतं, वाकायचं, बुडवायची, झाकण लावायचं. त्यांनी तासभर घेतला. ज्या पाण्याचा नमुना घ्यायचा त्याच पाण्यानं बाटली तीनदा विसळायची. तोंडाशी बोट लावायचं नाही. चिकटपट्टीवर जागा, तारीख आणि वेळ लिहायची, तीही शिसपेन्सिलीनं, कारण शाई ओली झाली की पसरते. मग बर्फात. रेवती नागपूरची, तिची जीभ जरा तिखट. ती म्हणाली, "अक्का, एवढ्या निगुतीनं तर आम्ही घरी लोणचंबी नाही घालत." अक्का म्हणाल्या, "लोणचं खराब झालं तर तुम्हीच खाणार ना. हे दुसऱ्याला खायला लागतंय."

दुसरी सवय एका शब्दाची. आमच्यापैकी कुणी म्हणालं, की पाणी फार घाण झालंय, तर त्या विचारायच्या, "किती?" वास वाढलाय. किती? पूर्वी मासे होते. किती होते? यात चेष्टा नसायची. उत्तर नसेल तर माहीत नाही म्हणावं एवढीच अपेक्षा असे, पण आमच्यात तसं म्हणायची सवय कुणाला नव्हती. सौरभला ते लागायचं. तो एकदा मला म्हणाला, "काका, मूव्हमेंट इमोशनवर चालते. ह्या सारखं किती किती केलं तर लोक पॅशन कुठून आणणार?" मी आयुष्यभर हिशेब बघत आलो, मला त्यांचं विचारणं आवडायचं, पण सौरभचंही खोटं नव्हतं. पासष्ट घरांनी चारशे रुपये दिले होते ते फेसाचा व्हिडिओ बघून, आकडे बघून नव्हे.

भरलेली निळी पेटी मांडीवर घेऊन त्या बसनं परत जायच्या, प्रयोगशाळा त्यांच्या वाटेवर होती. इथल्या बसमध्ये बायकांना तिकिटाचे पैसे पडत नाहीत. कंडक्टरनं एकदा पेटीकडे बघून विचारलं, मासे आहेत का. केरेचं पाणी आहे, असं अक्कांनी सांगितलं. केरे म्हणजे कन्नडात तळं. कुठली केरे तेही सांगितल्यावर शेजारच्या दोन बाया उठून पुढे जाऊन उभ्या राहिल्या. "चांगली ऐसपैस बसून गेले," अक्का सांगायच्या. त्या स्वतःशी हसत, आवाज न करता, खांदे हलवत.

त्यांचा गुडघा दुखायचा, म्हणून नमुने आम्ही घ्यावेत आणि त्यांनी नंतर पेटी न्यावी असं ठरलं. तीन वेगवेगळ्या दिवशी घ्या, असं त्यांनी बजावलं होतं. दर वेळी दोन बाटल्या: एक शेडच्या गल्लीतलं गटार तळ्याला मिळतं तिथली, दुसरी फेसाच्या कोपऱ्यातली. आम्ही घेतल्या. सौरभ पाण्यात उतरायचा, रेवती पट्ट्या लिहायची, मी छत्री धरायचो. तीनदा विसळलं, शिसपेन्सिलीनं लिहिलं. सोळा फेब्रुवारी, तेवीस फेब्रुवारी, दोन मार्च. सहा बाटल्या, पंधरा हजार सहाशे रुपये.

निकाल आले आणि सौरभचं तोंड उतरलं. गटाराच्या तोंडाशी निकेल जवळजवळ नव्हतंच, तिन्ही वेळा नाही. फेसाच्या कोपऱ्यात मात्र साबण आणि मैला भरपूर. ज्यांच्यावर अर्ज होता ते निर्दोष सुटत होते.

अक्कांनी कागद हातात घेतले, चष्मा पुसला आणि भिंतीवरचं कॅलेंडर मागितलं. रेवतीनं मोबाइल पुढे केला. त्यांनी तारखा लावून बघितल्या.

"हे तिन्ही रविवार आहेत," त्या म्हणाल्या.

रेवती म्हणाली, "हो ना अक्का, बाकी दिवशी ऑफिस असतं."

"आणि शेडला सुट्टी कधी असते?"

त्यांनी तीन वेगवेगळे दिवस म्हटलं होतं आणि आम्ही तीन वेगवेगळे दिवस दिले होते. आमच्या आयुष्यात तळ्यासाठी मोकळा असलेला एकच वार होता. त्याच वारी शेडची शटर खाली असतात हे आमच्या बाल्कनीतून दिसत होतं.

"माझी चूक आहे," अक्का म्हणाल्या. "मी वार सांगायला पाहिजे होता. मी जन्मभर नोकरीच पाण्याची केली, मला सगळे वार सारखे." आणि माझ्याकडे बघून, "किती राहिल्या, खजिनदार?"

चार बाटल्या.

"दोन भरूया. बुधवारी. मीच जाते."

बारा मार्चच्या बुधवारी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून त्यांच्याबरोबर गेलो, कारण त्या गल्लीत त्यांनी एकटीनं जाणं मला बरं वाटेना. पहिल्याच शेडच्या दारात मल्लप्पा उभा होता. चिकोडीकडचा, पन्नाशीचा, हाताखाली सहा माणसं. अर्जात त्याच्या शेडचं नाव सगळ्यात वर होतं आणि ते त्याला माहीत होतं. अक्कांचं बोलणं ऐकून तो मराठीवर आला. "आमच्यावर केस घालायलाय म्हणे तुम्ही. आता पाणी भरून न्यायला आलाय होय? न्या की. पाण्यात तुम्ही काय मिसळणार ते आम्हाला काय कळतंय."

मला वाटलं, आता भांडण होणार. अक्कांनी पेटी खाली ठेवली. "खरं आहे तुमचं," त्या म्हणाल्या. "हे पाणी तुमच्याविरुद्ध जाणार असं मला वाटतंय, तरी घेणार आहे. पण तुमच्यासमोर घेते. एकाच भांड्यात काढते आणि दोन बाटल्यांत अर्धं अर्धं ओतते. एक मी नेते, एक तुम्ही ठेवा. दोन्हीवर दोघांची सही. माझा आकडा पटला नाही तर तुमची बाटली तुम्हाला पाहिजे तिथं तपासून घ्या."

मल्लप्पानं एका कामगाराला खुर्ची आणायला सांगितलं. गटारावरचं लोखंडी झाकण त्यानं स्वतः बाजूला केलं. पाणी भांड्यात काढताना आणि ओतताना तो अक्कांच्या हातावरून नजर हलवत नव्हता. बाटलीत अॅसिडचे थेंब टाकले तेव्हा त्यानं लगेच विचारलं, हे काय. अक्कांनी बाटलीवरचं नाव वाचून दाखवलं, निकेल बाटलीला चिकटू नये म्हणून घालतात ते सांगितलं, आणि तेवढेच थेंब त्याच्या बाटलीत त्याच्याच हातानं घालायला लावले. सह्या झाल्या. चहा आला. ही बाटली थंड जागी ठेवायची म्हटल्यावर तो जरा अडखळला. "घरच्या फ्रिजमध्ये ठेवू काय? बायको बाहेर काढंल मला."

"दुधापासून लांब ठेवा," अक्का म्हणाल्या.

परतताना आम्ही बांधावर बसलो, गुडघ्यासाठी. ही अर्ध्या बाटलीची रीत संस्थेतली का, असं मी विचारलं. त्यांनी एक जुनी गोष्ट सांगितली. ती त्यांनी आणखी कुणाला सांगितली असेल असं मला वाटत नाही, पण आता लिहायला हरकत नसावी.

नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत त्या सुट्टीला गावी गेल्या होत्या. जवळच्या एका नदीकाठी कारखान्याच्या पाण्याविरुद्ध गावकऱ्यांचं आंदोलन चालू होतं. शिकलेली मुलगी म्हणून गावकऱ्यांनी यांना पाणी तपासायला सांगितलं. नमुना फार घट्ट होता म्हणून यांनी तो दहापट पातळ करून तपासला. असं केलं की आलेल्या आकड्याला शेवटी दहानं गुणायचं असतं. यांच्या मदतनीसानं गुणून कागदावर लिहिलं होतं. यांनी तो कागद घेऊन पुन्हा दहानं गुणलं. आणि तो आकडा ट्रकवर उभं राहून, हजारभर माणसांसमोर, माइकवरून सांगितला. माणसं पेटून उठली. आठ दिवसांत कारखान्याच्या तज्ज्ञानं तोच कागद मागवून सगळ्यांसमोर चूक दाखवली.

"खरा आकडासुद्धा वाईटच होता बघा," अक्का म्हणाल्या. "मर्यादेच्या पुढेच होता. पण तो ऐकायला कोण थांबतंय? पेपरात आलं, की आंदोलनवाले खोटारडे आहेत. गावकरी एक शब्द खोटं बोलले नव्हते. मी बोलले होते, आणि मी तर सुट्टी संपवून बेंगळुरूला परत आले."

निघायच्या आदल्या दिवशी तिथल्या एका बाईनं त्यांना जेवायला बोलावलं होतं. ताटात सगळं वाढलं, आग्रह केला, आकड्याबद्दल चकार शब्द काढला नाही. "शिव्या घातल्या असत्या तर जेवले असते मी," अक्का म्हणाल्या. पुढे म्हणाल्या, की त्या दिवशी कारखान्याकडे अर्धी बाटली असती तर चूक दुसऱ्याच दिवशी बंद खोलीत सापडली असती, सगळ्यांसमोर नाही.

मग त्या उठल्या आणि फेसाच्या कोपऱ्यातली बाटली भरली. त्या दिवशी तिथे फेस नव्हता. हे मी पाहिलं होतं, पण माझ्या लक्षात आलं नव्हतं. त्यांच्या आलं.

बुधवारचे निकाल सौरभला हवे होते तसे आले. गटारात निकेल मर्यादेच्या तिप्पट. त्यानं ग्रुपवर टाकलं, लोकांनी टाळ्या दिल्या. पण फेसाच्या कोपऱ्यात साबण आणि मैला रविवारच्या पाव हिस्साही नव्हता, आणि अक्का त्याच कागदावर अडून बसल्या होत्या. पुढच्या रविवारी सकाळी त्या आल्या, काठी टेकत टेकत फेसाच्या मागे मागे गेल्या. तळ्याच्या कडेनं, मग पावसाळी नाल्याच्या काठानं, आणि शेवटी आमच्या वसाहतीच्या मागच्या भिंतीपाशी थांबल्या. भिंतीच्या पायाशी एक पाइप होता. त्यातून पांढरं, कोमट पाणी येत होतं.

वसाहतीचं सांडपाणी शुद्ध करायची यंत्रणा तळघरात आहे, तिला सगळे एसटीपी म्हणतात. ती चालवणाऱ्या माणसाचं कंत्राट आठवड्याचे सहा दिवस होतं. मेंटेनन्स कमी करण्यासाठी सर्वसाधारण सभेत हात वर करून सगळ्यांनीच ते मंजूर केलं होतं. सातव्या दिवशी यंत्रणा बंद राही, आणि त्याच दिवशी दोनशे चाळीस घरांत सगळे घरी असत, मशीन लावत, गाड्या धूत. टाकी भरून वर यायला नको म्हणून रखवालदार शनिवारी संध्याकाळी एक व्हॉल्व्ह फिरवून पाणी मागच्या पाइपात सोडायचा. त्याला तसं सांगितलेलं होतं. कुणी सांगितलं, याचा पत्ता नंतर लागला नाही.

त्या संध्याकाळी क्लब हाऊसमध्ये आम्ही चौघंच होतो. सौरभ म्हणाला, "अक्का, बुधवारचे रिपोर्ट्स स्ट्राँग आहेत. रविवारचे जोडायलाच पाहिजेत का? शेडचा इश्यू वेगळा आहे, एसटीपी आपण आतल्या आत फिक्स करू. हे बाहेर आलं तर उद्या शेडवाले हसतील आपल्याला. लोक समितीतून बाहेर पडतील. आणि माझी मुलगी..." तो थांबला. ते चट्टे कुणाच्या पाण्यानं उठत होते हे आता त्यालाही कळत होतं.

रेवती म्हणाली, की लपवायचं तर मग आपण आणि ते सारखेच.

"लपवत नाहीये," सौरभ म्हणाला. "अक्का, तुम्ही आमच्या बाजूनं आहात ना?"

"होय की," अक्का म्हणाल्या. "म्हणून तर तुम्हाला आधी सांगायला आले. बाटल्या तुमच्या पैशाच्या आहेत, कागद तुमचे आहेत. काय जोडायचं ते तुम्ही ठरवा. मी तुमच्या पाठीमागे जाऊन कुणाला देणार नाही. पण तिथं मला कुणी विचारलं, तर मी मोजलंय तेवढं सगळं सांगणार."

सुनावणी मार्चच्या शेवटच्या आठवड्यात झाली. लांबट खोली, वर पंखे, टेबलामागे अधिकारी. एका बाजूला आम्ही, दुसऱ्या बाजूला मल्लप्पा आणि गल्लीतले आणखी तिघं, सगळे धुतलेल्या पांढऱ्या शर्टात. बोलणं कन्नडात चाललं होतं. सौरभनं बुधवारचा कागद दिला. अधिकाऱ्यांनी शेडवाल्यांना विचारलं, आकडा मान्य आहे का. मला वाटलं, आता म्हणतील, यांनीच पाण्यात मिसळलं. मल्लप्पा उठला. त्यानं खिशातून दुसऱ्या एका प्रयोगशाळेचा कागद काढला.

"आकडा बरोबर आहे, साहेब," तो म्हणाला. "माझ्या वाटणीची अर्धी बाटली मी पण तपासून घेतली. तेवढंच आलंय. बंद करू नका. पाणी साफ करायची टाकी बांधतो आम्ही सगळे मिळून. वेळ द्या."

तो कागद त्यानं स्वतःच्या खर्चानं, आपला आकडा खोटा ठरावा या आशेनं करून घेतला होता, आणि खरा निघाल्यावर फाडून टाकला नव्हता.

अधिकाऱ्यांनी मग अक्कांकडे वळून विचारलं, की एवढंच, की आणखी काही नमुने घेतलेत. अक्का उभ्या राहिल्या, काठीवर दोन्ही हात ठेवले आणि बोलल्या नाहीत. त्या सौरभकडे बघत होत्या. रागानं नव्हे. परीक्षेत उत्तर येत असलेल्या मुलाकडे मास्तरीणबाई बघतात तशा. अधिकाऱ्यांनी पुन्हा विचारलं. अक्का तरीही थांबल्या. मला तो वेळ फार मोठा वाटला.

सौरभनं बॅग उघडली. रविवारचे तिन्ही कागद त्याच्याजवळ होते; तो ते घेऊन आला होता. ते टेबलावर ठेवून तो आपल्या मोडक्या कन्नडात म्हणाला, "सर, हे पण आमचेच आहेत. यातलं पाणीसुद्धा आमचंच आहे."

अक्का खाली बसल्या.

शेड बंद झाल्या नाहीत. त्यांना सहा महिन्यांत एक सामाईक टाकी बांधायला सांगितलं, तोवर दंड. आमच्या वसाहतीला नोटीस आली आणि नुकसानभरपाई लागली, ती दर फ्लॅटमागे वाटली गेली. ग्रुपवर जे काय लिहिलं गेलं ते मी इथे लिहीत नाही. आपलं खाऊन आपल्यावरच उलटलेली बाई, असा एकंदर सूर होता. अक्कांनी आमच्याकडे चहापलीकडे काही खाल्लं नव्हतं. पासष्टांपैकी एकवीस घरांनी समिती सोडली. सौरभनं सोडली नाही. एसटीपीला रविवारचा माणूस मिळावा म्हणून तो घरोघर फिरला, शिव्या खाल्ल्या, आणि जूनमध्ये तो माणूस लागला.

अक्का येत राहिल्या. गेटवर त्यांना नाव विचारून उभं करू लागले होते, पूर्वी करत नसत. त्या निमूट नाव लिहीत, वेळ लिहीत आणि थेट मागच्या भिंतीकडे जात. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते ऑगस्टातल्या एका रविवारी. पाइप कोरडा होता. कोपऱ्यात फेस होता, पण पूर्वीसारखा नव्हता, उडत नव्हता. त्या खूप बारीक झाल्या होत्या आणि निळी पेटी त्यांनी आणली नव्हती, ती आता उचलवत नाही म्हणाल्या. मी त्यांना बस थांब्यापर्यंत सोडायला गेलो. वाटेत मी म्हणालो, "अक्का, फेस पुष्कळ कमी झालाय."

"किती?" त्या म्हणाल्या.

मला माहीत नव्हतं. मी माहीत नाही म्हणालो. मला वाटतं, तसं मी त्यांच्यासमोर पहिल्यांदाच म्हणालो.

"सरी," त्या म्हणाल्या, म्हणजे कन्नडात बरं. "कळलं की सांगा. मग येते."

बस आली. कंडक्टरनं हात देऊन वर घेतलं. त्या खिडकीशी बसल्या आणि मोकळ्या मांडीवर हात कुठे ठेवावेत ते न कळल्यासारखे त्यांनी ते दोनदा हलवले. मग गाडी सुटली.

ऑक्टोबरमध्ये, दिवाळीच्या आधी, त्या गेल्या. निपाणीहून भाचा आला होता. अंत्यविधीला आम्ही तिघं होतो, आणि मागे एका बाजूला, धुतलेल्या पांढऱ्या शर्टात, मल्लप्पा.

समितीकडे पाच हजार दोनशे रुपये शिल्लक होते. बांधावर त्यांच्या नावाची संगमरवरी पाटी लावावी असं काहींनी सुचवलं. त्यांत समिती सोडून गेलेलेही होते. खर्च जवळपास तेवढ्यात बसत होता, मी चौकशीही केली. पण बैठकीत सौरभ म्हणाला, "काका, त्यांनी विचारलेलं अजून बाकी आहे," आणि पाटीचा विषय तिथेच संपला.

नोव्हेंबरमध्ये आम्ही दोन बाटल्या भरल्या. एक रविवारी, फेसाच्या कोपऱ्यात. एक बुधवारी, शेडच्या गटारात. त्यासाठी सौरभनं आणि मी रजा घेतली. तीनदा विसळलं. मल्लप्पानं झाकण उघडलं आणि त्याची अर्धी बाटली न सांगता पुढे केली. निकेल मर्यादेच्या आत आलं आहे, थोडंसंच आत. साबण आणि मैला निम्म्यावर आला आहे, अजून मर्यादेच्या वर आहे. कमी झालंय ते एवढं.

जमा सव्वीस हजार, बाटल्या दहा. शेवटचे पाच हजार दोनशे रुपये प्रयोगशाळेला दिले, नेहमीच्या दरानं. पावती समितीच्या नावावर घेतली.